सुईही तुझी, सुकाणूही तुझं

काल फोनवर तुला धड बोलताही येत नव्हतं, म्हणून आज हे सगळं लिहून पाठवते. आधी जेवून घे, मग निवांत वाच. मी अजून कळंबलाच आहे, गोव्याला परतायची घाई नाही. घरात कापूस येऊन पडलाय, बाबांना तेवढीच माझी मदत होते. आईला यातलं मी काही बोललेले नाही. तुला वाटेल तेव्हा तूच सांग.

तू दोन गोष्टी सांगितल्यास. तू सुकाणूवर असताना मेनसेल फाटलं, ही पहिली. दुसरी जाता जाता, आवाज खाली करून सांगितलीस. शीड उतरवल्यावर शिकवणाऱ्या सरांनी सुई-दोरा थेट तुझ्या हातात दिला, "तुला तर येतच असेल" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सुकाणूची तुझी पाळी बरोबरच्या मुलाला मिळाली. ऐकलं तेव्हाच मला कळलं की तुझं रडू शिडासाठी नव्हतं. तरी सुरुवात शिडापासूनच करू, कारण फाट थांबत नाही. आज वीतभर आहे, हलगर्जी केली तर एखाद्या वाऱ्यात कडेपासून कडेपर्यंत जाईल.

तुझ्यामुळे फाटलं, हे आधी डोक्यातून काढून टाक. शीड फाटताना एका क्षणात फाटतं, पण विरत मात्र ते कितीतरी महिने आलेलं असतं. हल्लीची बहुतेक शिडं डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरची असतात. हे कापड पाण्यानं कुजत नाही, पण उन्हापुढे हरतं. आणि कापडाच्याही आधी त्याच्या शिवणीचा दोरा हरतो. दोरा कापडावर उघडा पडलेला असतो, ऊन सगळं त्याच्यावर. म्हणून कापड ठणठणीत असतानाच शिवण सुटायला लागते. बंदरात उभ्या यॉटच्या बूमवर शीड नुसतंच गुंडाळून ठेवलं, वरून खोळ घातली नाही, की रोजचं ऊन आपलं काम करतच राहतं. तुमच्या शिडाला खोळ घालतात का, ते बघ.

आता एक कर. शिडाच्या इतर शिवणींवर, फाटीपासून दूर, अंगठ्याचं नख जरा जोरात घासून बघ. दोरा तुटून त्याचा भुगा नखाखाली आला, तर त्या दोऱ्याचं आयुष्य संपलं आहे. तू सांगितल्याप्रमाणे फाट मागच्या कडेला, वरच्या बॅटनच्या खिशाजवळ, शिवणीला धरून सुरू झाली आणि मग कापडात शिरली. म्हणजे आधी शिवण उसवली, कापड नंतर गेलं. बूम एकदम पलीकडे गेला तेव्हा शीड डोलकाठीच्या स्प्रेडरवर आपटलं असेलही, पण नव्या शिवणीनं तो दणका सोसला असता. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही. मी शिडं शिवते, माझ्या टेबलावर येणारी बरीचशी शिडं याच कहाणीची असतात.

पुढच्या वेळी फाट दिसली की पहिलं काम ओरडून सांगणं. लाजायचं नाही, आधी खात्री करून घेऊ असं म्हणत थांबायचं नाही. फाटलेलं शीड वाऱ्यात फडफडत ठेवलं की प्रत्येक फडफडीबरोबर फाट वाढते. फाट खालच्या भागात असेल तर रीफ घेऊन तेवढा भाग बूमवर गुंडाळून टाकता येतो आणि बंदरापर्यंत निभावतं. वर असेल तर शीड उतरवण्याला पर्याय नाही. इंजिन लावा, नुसत्या पुढच्या शिडावर, जिबवर या, काहीही करा, पण फाटकं शीड वर ठेवू नका.

आता दुरुस्ती. यात घाई झाली की ठिगळ आठवड्यात निघतं, म्हणून नीट सांगते. शीड गोड्या पाण्यानं धुवायचं, आणि फाटीभोवतीचा भाग दोनदा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल धरून ठेवतं, आणि ओल्या कापडावर चिकटपट्टी बसत नाही. सावलीत पूर्ण वाळव. मग जिथे ठिगळ बसणार तिथे स्पिरिटनं पुसून घे, म्हणजे तेलकटपणा जाईल. एवढं झाल्याशिवाय ठिगळाला हातही लावायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

नंतर शीड सपाट जागेवर पसर. हलत्या डेकपेक्षा जेटीवरची स्वच्छ फरशी बरी. फाटीचे दोन्ही काठ एकमेकांना जसे मुळात होते तसे टेकव, ताणू नको, एकमेकांवर चढवू नको, आणि आडव्या चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्यांनी धरून ठेव. इथे जी चुणी पडेल ती वारा भरल्यावर दहापट होऊन दिसेल आणि शिडाचा आकार बिघडेल. शिडाचा आकार बिघडला की यॉटचा वेग गेला. म्हणून सगळा वेळ इथेच घालव, शिवायला त्या मानानं फार वेळ लागत नाही.

ठिगळासाठी मागे चिकट थर असलेलं शिडाचंच कापड मिळतं. त्याचा उभा-आडवा धागा शिडाच्या उभ्या-आडव्या धाग्याशी जुळव. तिरपं लावलं तर ते वेगळ्या दिशेनं ताणेल आणि शेजारच्या कापडाला ओढेल. फाटीच्या चारही बाजूंना पाच सेंटिमीटर तरी पुढे जाऊ दे. कोपरे कात्रीनं गोल कर, कारण टोकदार कोपराच आधी उचकटतो. दोन्ही बाजूंनी ठिगळ लाव, पण एक जरा मोठं, एक जरा लहान. दोन्हींच्या कडा एका रेषेत आल्या तर सगळा ताण त्याच रेषेवर येतो आणि पुढची फाट तिथूनच निघते. लावून झाल्यावर चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे जोर देऊन घास, हवा राहता कामा नये.

ठिगळ नुसतं चिकटवून भागेल असं कुणी म्हणेल. स्पिनेकरच्या पातळ नायलॉनला ते भागतंही, तिथे बहुतेकदा सुई लावूच नये. पण मेनसेलवर आणि त्यातही मागच्या कडेला ताण सतत असतो, तिथे शिवलंच पाहिजे. त्यासाठी घरची सुई चालणार नाही. शिडाची सुई टोकाशी तीन धारांची असते. तळहातावर चामड्याचा पट्टा चढवायचा, त्यात अंगठ्याच्या बुडाशी धातूची खळगी असते. सुईचं बूड तिथे टेकवून सगळा तळहात लावून रेटायचं. बोटांनी रेटशील तर दोन थरांपुढे जाणार नाहीस आणि बोटं सोलून निघतील. दोरा पॉलिस्टरचा, मेण लावलेला. सुती दोरा वापरू नकोस, तो उन्हापावसात सहज जातो.

आणि इथे तुला आजीच्या वाकळीचे टाके विसरावे लागतील. वाकळीत आपण सरळ धावदोरा घालतो, टाके एकमेकांना लागून, दोरा ओढून. शिडात सरळ टाका ताण आल्यावर ताणायला जागा देत नाही, म्हणून नागमोडी टाका घालायचा. हातानं घालताना एकदा तिरपे जायचं आणि परत येताना त्याच भोकांतून उलट तिरपे यायचं, म्हणजे नागमोडी पूर्ण होते. उसवलेली शिवण असेल तर जुनीच भोकं वापर, नवी पाडू नकोस. भोकं फार जवळ पडली तर कापड टपालाच्या तिकिटांच्या कागदासारखं त्या ओळीत फाटतं. एका इंचात चार-पाच टाके पुरे. फाट संपते तिथे थांबू नकोस, चांगल्या कापडात थोडं पुढे जाऊन मगच दोरा बंद कर. दोरा ओढताना टाका बसेल इतकंच ओढ, कापड गोळा होऊ देऊ नकोस.

काही ठिकाणी मात्र स्पष्ट नाही म्हण. शिडाचे तीन कोपरे, म्हणजे वरचं डोकं आणि खालचे दोन, यांच्यावर सगळ्यात जास्त भार असतो. तिथे फाटलं तर शिडं शिवणाऱ्या कारखान्यातच पाठवावं. थरांची, लॅमिनेटची शिडं असतील तर त्यांच्यातही सुई चालवू नकोस, प्रत्येक भोक तिथे नवी फाट होऊ शकतं. आणि नखाच्या परीक्षेत सगळ्याच शिवणी नापास झाल्या तर ठिगळ लावून काय उपयोग? तेव्हा सांगायचं, "सर, हे सगळंच पुन्हा शिवायला हवं." जबाबदारी घ्यायची म्हणजे सगळं आपणच करायचं असं नाही.

मध्येच एक गोष्ट, मला फार आवडते म्हणून. १८५१ साली इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटभोवती शर्यत झाली आणि अमेरिकेहून आलेल्या 'अमेरिका' नावाच्या स्कूनरनं इंग्रजांच्या यॉटींना हरवलं. अमेरिका कपचं नाव त्याच यॉटवरून पडलं. इंग्रजांची शिडं जवसाच्या धाग्याची, ढिली, वाऱ्यानं पोट सुटणारी. 'अमेरिका'ची शिडं यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची होती, सपाट राहणारी. कापसानं जिंकलेली शर्यत म्हण ना! पुढे शंभर वर्षं, पॉलिस्टर येईपर्यंत, यॉटीची चांगली शिडं कापसाचीच असत. आपल्या मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं सुती कापडही शिडांना वापरत. तेव्हा "तू कापसाच्या गावची, तुझा समुद्राशी काय संबंध" असं कुणी म्हणालं तर हे सांग. चिंतामणीच्या कुंडापलीकडे आणि चक्रावतीच्या पुरापलीकडे आपण पाणी पाहिलेलं नाही, हे खरंच. पण आपल्या अंगणात पडलेल्या पऱ्हाटीच्या बोंडांचा आणि समुद्राचा संबंध जुना आहे.

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीकडे येते.

सुई तुला मुलगी म्हणून मिळाली. सर वाईट आहेत असं मला वाटत नाही, त्यांना ते सहज सुचलं असणार. पण समुद्रावर सुई हे बाईचं काम कधीच नव्हतं. शिडांच्या जहाजांवर शिडं शिवणारा हा वेगळा हुद्दा असायचा, आणि ते सगळे पुरुष. जोशुआ स्लोकम या माणसानं १८९५ ते १८९८ मध्ये 'स्प्रे' या छोट्या गलबतावरून एकट्यानं जगाला फेरी मारली, असं करणारा तो पहिला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी वादळात त्याचं मोठं शीड चिंध्या चिंध्या झालं. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत बसून त्यानं ते मिळेल त्या कापडानं जोडलं आणि पुढे निघाला. आपले दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नावेवरून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले, असे पहिले भारतीय. एकट्या माणसाच्या नावेवर सुई, सुकाणू, स्वयंपाक, नकाशा सगळं एकाच हाताचं. तिथे हे काम कुणाचं, हा प्रश्नच उठत नाही.

आणि लांब कशाला, आपल्या घरातच बघ. कापसाच्या बोऱ्यांची तोंडं बाबाच शिवतात ना? दाभण, सुतळी, चार टाक्यांत बोरा बंद. त्यांना कुणी म्हटलंय का, हे बायकी काम आहे म्हणून?

म्हणून सुई नाकारू नकोस. तुझी काल तीच इच्छा होती, ती मला आवडली नाही. चिडून सुई परत केलीस तर एक फार मोठं कौशल्य केवळ रागापायी सोडशील. किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर शीड फाटतं तेव्हा ज्याला शिवता येतं त्याच्यावर सगळ्यांचा जीव असतो. ते येणारा माणूस तू हो.

पण मला तुझ्याबद्दल एक वेगळीच काळजी वाटते, आणि ती तुला स्पष्ट सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. सरांनी पाळी काढून घेतली याचा राग तुला आलाच, पण त्यात थोडी सुटकाही होती का? शीड फाटलं त्या क्षणी सुकाणू तुझ्या हातात होतं, आता ते पुन्हा धरायची भीती बसली असेल. सुई हातात असली की सगळे कौतुक करतात, "वा, काय सुरेख टाके", आणि सुकाणूकडे जावं लागत नाही. मी गोव्यात अशा दोन-तीन मुली पाहिल्या आहेत. हुशार, धीट, पण हळूहळू त्या डेकवरून खाली गेल्या. आधी शिवणं, मग सामान लावणं, मग सगळ्यांचा चहा. कुणी जबरदस्ती केली नाही. एकेक काम त्यांच्याकडे सरकत गेलं आणि त्यांनी ते गोड मानून घेतलं. सुकाणूवरचे तास मात्र दुसऱ्यांचे भरत गेले. तुझं तसं व्हायला नको. सुईमागे लपू नकोस, बाई.

'तारिणी' आठव. गोव्याच्या दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ५५ फुटांची शिडाची नाव. 'म्हादेई'ही तिथलीच. १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा मुली तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या: वर्तिका जोशी कप्तान, बरोबर प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजया देवी, बी. ऐश्वर्या आणि पायल गुप्ता. २१ मे २०१८ ला त्या गोव्यात परतल्या. सहाच्या सहा मुली, म्हणजे सुईला एक आणि सुकाणूला दुसरा अशी वाटणी करायला पुरुष नव्हताच. केप हॉर्नला वळसा घालणं असो, दक्षिण महासागरातलं वादळ असो, की शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडल्यावर मॉरिशसला थांबून केलेली दुरुस्ती असो, सगळं त्यांचंच होतं. मग २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच 'तारिणी'वरून दिलना के. आणि रूपा ए. अशा दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. दोघीच, म्हणजे एक झोपली की दुसरीच्या हाती सगळी नाव! आणि ११ सप्टेंबर २०२५ ला मुंबईच्या गेटवेवरून 'त्रिवेणी' ही नाव निघाली, तिन्ही सैन्यदलांतल्या दहा मुली, कप्तान लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर. तू रोज ज्या समुद्राकडे बघतेस तिथूनच.

उद्या सरांशी बोल. सगळ्यांसमोर नको, एकटे असताना, आणि रडू आलेलं नसताना. वाक्यं मी सांगते, तुझ्या शब्दांत बोल: "सर, शीड मी शिवते. बरोबर एकाला बसवा, म्हणजे त्यालाही येईल. आणि माझी सुकाणूची राहिलेली पाळी कोणत्या दिवशी भरून देता?" शेवटचा प्रश्न विचारून गप्प राहायचं. "देता का" म्हणायचं नाही, "कोणत्या दिवशी" म्हणायचं. पाळ्यांचा तक्ता लावलेला असतो, त्यात तारीख लिहून घ्यायची. आणि तुझ्याबरोबर शिवायला तोच मुलगा माग, ज्याला तुझी पाळी मिळाली. त्याच्यावर राग धरू नकोस, त्याची काही चूक नाही, आणि पट्टा हातात चढवून तीन थर टोचल्यावर त्यालाही कळेल की हे "येतच असेल" असं काम नाही.

शीड दुरुस्त झालं की पहिल्यांदा धक्क्याला बांधलेल्या यॉटवर, हलक्या वाऱ्यात वर चढवून बघा. ठिगळाच्या आसपास चुणी पडते का, कडा उचलते का. मगच समुद्रात. आणि तो पहिला दिवस सुकाणूवर तू असावंस, हे मात्र मी तुला अट म्हणूनच घालते. हात थरथरतील. थरथरू देत. डोळे शिडाच्या पुढच्या कडेवर ठेव, वारा कानामागे कुठे लागतो तिकडे लक्ष दे, आणि बूम पलीकडे न्यायच्या आधी प्रत्येक वेळी मोठ्यानं आवाज दे.

खर्चाचं काही निघालं, तुझ्याकडे पैसे मागितले, तर लगेच हो म्हणू नकोस, मला फोन कर. शिकताना वापरल्या जाणाऱ्या शिडाची झीज विद्यार्थ्यानं भरायची नसते.

बारीकसारीक दोन गोष्टी राहिल्या. समुद्रात असताना शिवायची वेळ आली तर केबिनमध्ये खाली बसून शिवू नकोस, सुईच्या टोकाकडे बघत राहिलीस की पोटात ढवळणारच. वर बस, सुरक्षेचा दोर अडकवून, आणि मधून मधून क्षितिजाकडे बघ. रात्री हातांना तेल लाव, खारं पाणी आणि दोरा मिळून बोटांच्या पेरांना चिरा पाडतात. आणि तू डावखुरी आहेस हे सरांच्या लक्षात नसेल. तळहाताचा पट्टा उजव्या हाताचा मिळाला असेल तर त्यानं शिवूच नकोस, धातूची खळगी चुकीच्या जागी येते आणि सुई घसरून हातात जाते. डाव्या हाताचा वेगळा मिळतो, तो मागव. नाही मिळाला तर मी परत जाताना मुंबईत उतरते, माझ्याकडे आहे.

ठिगळ झालं की फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे. आतल्या बाजूचा आधी.